रातकिडा मुक्कामाला

रात्री दीड वाजता प्रस्तुत लेखकाने पलंग भिंतीपासून दोन फूट ओढला, खाली टॉर्च मारला आणि रातकिडा शोधायला सुरुवात केली. किडा कपाटामागे नव्हता, मोरीत नव्हता, गॅलरीतल्या तुळशीतही नव्हता. फ्रिज बंद करून पाहिला, इन्व्हर्टरला कान लावून पाहिला, किर्र चालूच. शेवटी पत्नीने अंथरुणातूनच विचारलं, "अहो, कसला आवाज? मला तर काहीच ऐकू येत नाहीये." तेव्हा कुठे लेखकाच्या ध्यानात आलं, की किडा त्याच्या डाव्या कानात मुक्कामाला आलाय आणि भाडं काही देणार नाहीये.

जो आवाज कुणालाच ऐकू येत नाही, त्याच्यावरचं औषध मात्र घरोघर असतं. थोरल्या ताईने लसूण तळलेलं तिळाचं तेल सांगितलं, जिन्यात भेटलेल्या आजोबांनी रुईचं पान शेकून त्याचा रस. वैद्यांनी नाडी पाहून ‘कर्णनाद’ असं नाव दिलं. सुश्रुतसंहितेत कानाचे 28 रोग सांगितलेत, त्यांतला हा एक. नाव कळताच दुखण्याची प्रतिष्ठा वाढली. सारिवादी वटी सुरू झाली, बिल्व तेल आलं, उशीचे अभ्रे तेलकट झाले. वरच्या मजल्यावरच्या साधक काकांनी तर हातच जोडले. हा अनाहत नाद! ‘हठयोगप्रदीपिके’त साधकाला आधी समुद्र, मेघ, नगारा ऐकू येतात, मग शंख आणि घंटा, आणि अगदी शेवटी किंकिणी, बासरी, वीणा नि भुंगा. लेखक एकही आसन न घालता थेट भुंग्यापाशी पोचला होता. काकांच्या नजरेत कौतुक होतं आणि थोडी असूयाही.

मग अमेरिकेतल्या भाच्याने जिंकगोच्या गोळ्या पाठवल्या. जिंकगो हे झाड मोठं चिवट. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तरी तिथली काही जिंकगोची झाडं पुन्हा पालवली. ज्या झाडाने अणुबॉम्बला जुमानलं नाही ते एका किड्याचं काय ऐकणार, असा भाच्याचा हिशेब. पण हा हिशेब इंग्लंडात कधीच तपासून झालाय. 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक चाचणी छापून आली. कान वाजणाऱ्या हजारावर लोकांपैकी निम्म्यांना 12 आठवडे जिंकगो आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या दिल्या होत्या. त्रास कमी झाला असं हिशेबात धरलेल्या जिंकगोवाल्या 360 जणांपैकी 34 जणांनी सांगितलं आणि पोकळ गोळीवाल्या 360 जणांपैकी 35 जणांनी. म्हणजे पोकळ गोळी एका मताने निवडून आली! अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनेही 2014 साली जिंकगो, मेलाटोनिन, झिंक यांपैकी काहीच या त्रासासाठी सुचवू नका, असं आपल्या डॉक्टरांना सांगून टाकलं. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जिंकगोने रक्तस्राव वाढू शकतो. लेखकाने बाटली कपाटात ठेवली. फेकली नाही; डॉलरची होती.

मिळेल ते औषध करून पाहण्यापलीकडे संगीतकार बेथोवनने तरी दुसरं काय केलं? 1801 च्या जूनमध्ये त्याने आपल्या डॉक्टर मित्राला लिहिलं, की कान रात्रंदिवस घोंघावतात. एका वैद्याने कानात बदामाचं तेल घालायला लावलं, दुसऱ्याने डॅन्यूबच्या कोमट पाण्याने अंघोळी. पुढे दंडांवर कसलीशी झाडाची साल बांधली, ती इतकी झोंबली की दोन दिवस हात कामातून गेले. कान होते तसेच. हे वाचून लेखकाला ताईच्या लसणीबद्दल एकदम आदर वाटू लागला. निदान ती हातांच्या वाटेला जात नाही.

आणि गंमत म्हणजे कान वाजवायचे असतील, तर मात्र वनस्पती हमखास कामी येते. सिंकोनाच्या सालीतून निघणारं कोयनेल हिवतापावर घेतलं, की कानात घणघण सुरू व्हायची, हे जुन्या पिढीला पाठ होतं. ॲस्पिरिनचा डोस फार झाला तरी तेच होतं.

कानाच्या डॉक्टरांनी आधी मळ पाहिला, कारण कधी कधी नुसता साठलेला मळही कान वाजवतो. मळ नव्हता. "यापुढे तेल बंद," ते म्हणाले, "पडद्याला भोक असतं तर महागात पडलं असतं." एकाच कानात वाजतंय म्हटल्यावर ते जरा गंभीर झाले आणि श्रवणाची तपासणी करवली. वरच्या पट्टीतले सूर डाव्या कानाला कमी ऐकू येत होते. आतल्या शंखातल्या बारीक केसांच्या पेशी मेल्या, की मेंदूला त्या पट्टीतलं काही पोचत नाही. मग तो रेडिओचा आवाज वाढवत बसतो आणि खरखर ऐकतो. पेशी परत उगवत नाहीत. खरखरीकडे दुर्लक्ष करायला मात्र शिकता येतं, त्यासाठी समुपदेशन आहे, आणि रात्री पंखा लावून झोपावं. हेही जुनंच. 1821 साली फ्रान्सचा डॉक्टर इटार कान वाजणाऱ्यांना शेकोटीपाशी बसवायचा. सूं-सूं असेल तर ओली लाकडं घालून.

फ्लॅटमध्ये ओली लाकडं कुठून आणणार? भाच्याने फोनवर निसर्गाचे आवाज पाठवून दिले. धबधब्याने लेखकाला रात्रभर मोरीकडे पळवलं, समुद्राने बोटीत बसल्यासारखं मळमळलं. तिसरा आवाज ‘रात्रीचं रान’. तो मात्र कानातल्या किड्याशी असा एकजीव झाला, की लेखक दहा मिनिटांत घोरू लागला.

दीड वाजता पलंग सरकल्याचा आवाज झाला. पत्नी टॉर्च घेऊन ओणवी बसली होती.

"अहो, उठा," ती म्हणाली, "आता मलाही ऐकू येतोय!"