राजा कोण, प्रधान कोण

वाचनालयात इतिहास असतो तो कपाटात, आणि कपाटाची किल्ली ग्रंथपालबाईंच्या पर्समध्ये. सावंतवाडीचा इतिहास मागितला की बाई आधी चष्म्यावरून बघतात आणि मग म्हणतात, "इथेच बसून वाचा हं." खेमसावंत, राजवाडा, 1874 सालचा मोती तलाव असं सगळं त्यात आहे. वाचणारा बहुधा झोपतो. पंखा चांगला आहे.

अशा जागी मे महिन्याच्या सुट्टीत गावाच्या इतिहासावर गंजिफा रंगवायची कार्यशाळा भरवावी, हे कार्यकारिणीत कुणाला सुचलं त्याची इतिवृत्तात नोंद नाही. मंजुरी मिळाली ती दोन अटींवर. रंग पाण्याचेच हवेत आणि संदर्भ विभागाच्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. टेबलांवर रद्दी अंथरली. त्यामुळे रंगवायला आलेले निम्मे लोक आधी जुन्या बातम्या वाचत बसले. वाचनालयाचं वाचन वाढलं म्हणायला हरकत नाही.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. बाबराने 1527 साली गंजिफा भेट पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. वाडीत येऊन मात्र त्यांनी दशावतार धारण केला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं, मिळून 120. पुढे चौकोनी छापील पत्ते आले आणि यांची सद्दी संपली. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यातच तिला पुन्हा उभं केलं. 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

आम्ही अवतारांना हात लावला नाही. आमचे दहा रंग गावातले होते: तलाव, बाजार, चितारआळीतली लाकडी खेळणी, विहिरी, एसटी, शाळा, दशावतारी नाटक वगैरे. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवतात. आम्ही पुठ्ठा घेतला, पण खळ मात्र खरी. ती शिजताना जो वास सुटला त्याने कादंबरी विभाग रिकामा झाला. खळीची बोटं झटकून सुटत नाहीत, त्यामुळे तासभर कुणालाच मोबाइल धरता येईना, आणि माणसं नाइलाजाने एकमेकांशी बोलू लागली.

बोलू कसली, भांडू लागली. विहिरींच्या रंगात देवळामागची विहीर नेमकी कुठे काढायची, यावर दोन ज्येष्ठ सभासद उठून उभे राहिले.

"थंय बाव नाय होती रे!"

"माझ्या आवशीन थंयसून पाणी हाडल्यान, नि तू माका सांगतंस?"

'शांतता राखा' ही पाटी बरोबर त्यांच्या डोक्यावर होती. एवढ्यात चौथीतल्या एका मुलीने पान पुढे केलं. तिने विहीर दोघांच्याही जागा सोडून भलतीकडेच काढली होती आणि विहिरींचा प्रधान म्हणून बेडूक बसवला होता. बेडूक दोन्ही पक्षांना मान्य झाला. विहिरीचा वाद चालू आहे.

स्थानिक इतिहासाची कार्यशाळा म्हटली की आपल्याकडे किल्ला, घोडा आणि शेवटी प्रमाणपत्र वाटप, हे ठरलेलं. गंजिफेत ते चालत नाही, कारण तिचा एक नियम विलक्षण आहे. राजा-प्रधान दहाही रंगांत वरच. पण त्यांच्याखाली पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा, दश्शी तळाला. कपाटातल्या इतिहासाला पहिलेच पाच रंग ठाऊक असतात. त्यात ज्याच्याकडे जास्त, तो वर. आमच्याकडे बाजाराच्या रंगात एक्का आहे एकटीच सुरंगीचे वळेसर विकणारी म्हातारी. दश्शीवर दहा दुकानं ओळीने काढली आहेत, पाट्यांसकट. नियमाप्रमाणे म्हातारी ती दहाही दुकानं मारून नेते. तिचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही, पण ती कुठे बसायची याबद्दल हॉलमध्ये एकदाही वाद झाला नाही.

राजेपदावरून मात्र बरंच राजकारण झालं. एसटीचा राजा ड्रायव्हर की कंडक्टर, हा प्रश्न मतदानाला गेला. कंडक्टर जिंकला. सुट्टे पैसे त्याच्याकडे असतात, हे कारण मला पटलं.

आता संच पुरा झाला आहे आणि ग्रंथपालबाईंच्या टेबलाच्या खणात आहे. पुस्तकासारखी त्याचीही नोंद केली आहे, फक्त घरी मिळत नाही. मूळ खेळात दिवसा डाव रामाने उघडतात, रात्री कृष्णाने. आम्ही दिवसा बाजार आणि रात्री दशावतारी नाटक असं ठरवलंय. वाचनालय साडेसातला बंद होत असल्याने नाटकाची पाळी अजून आलेली नाही. डावाला तिघं लागतात, प्रत्येकी 40 पानं. सध्या नेमाने येतात ते विहिरीवरून भांडणारे दोघंच, आणि तिसरा म्हणून मी बसलो की मला पंच करतात. तेव्हा आणखी एक भिडू हवा आहे. पाचनंतर या. वर्गणी भरलेली असावी.