यामाहाचा कॅसिओ

आमच्या नेवासा तालुक्यात कीबोर्ड नावाचं वाद्यच नाही. आहे तो कॅसिओ. कागदाची जशी झेरॉक्स, तसा वाजवायचा कॅसिओ. वर नाव कुठल्याही कंपनीचं असो. त्यामुळे भजनी मंडळाच्या बैठकीत "औंदा कॅसिओ कुठल्या कंपनीचा घ्यायचा?" असा प्रश्न निघाला, तेव्हा मी सोडून कुणालाच हसू आलं नाही.

बैठकीला कारण सप्ताहातली माझी फजिती. काल्याचं कीर्तन रंगात आलेलं. बुवांची पट्टी काळी दोन. मी ट्रान्सपोजचं बटण दाबून ती लावली होती आणि बोटं मात्र पांढरी एकवरच फिरवत होतो. आळशी पेटीवाल्याला याहून मोठं वरदान नाही. तेवढ्यात जनरेटरला उचकी लागली. कॅसिओ विझला, पुन्हा पेटला आणि मागचं सगळं विसरून बसला. बुवा काळी दोनमध्ये, मी पांढरी एकमध्ये आणि पखवाजवाला आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडे बघतोय! शेवटी कुणीतरी कोपऱ्यातली जुनी हातपेटी पुढं सरकवली. तिला विजेचं सोयरसुतक नाही. भाता हलला की ती बोलते.

बैठकीत वकिली सुरू झाली. तात्या म्हणाले, "यामाहाच घ्या. माझी आरएक्स हंड्रेड अजून एका किकमध्ये उठते." मोटारसायकलवाली यामाहा 1955 सालीच वेगळी निघाली, हे तात्यांना कोण सांगणार? बापूंनी खिशातून कॅल्क्युलेटर काढला. "उसाच्या बिलाचा हिशेब ह्याच्यावर करतो. कधी पैशानं चुकला नाही." कॅसिओ मुळात हिशेबाच्या यंत्रांचीच कंपनी, 1957 साली उभी राहिली आणि वाद्याकडे वळली ती 1980 मध्ये. पोरांनी रोलंडचं नाव काढलं. किंमत ऐकून खजिनदारांनी विषय बदलायला चहा मागवला.

मी मनात हसत होतो. पण तात्यांच्या गाडीवरचे तीन नादकाटे यामाहाच्या वाद्यांवरही असतात. आणि त्या नावाचा उगमच दुरुस्तीत आहे. 1887 साली जपानमधल्या हामामात्सूच्या शाळेतला ऑर्गन बिघडला. तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिरानं तो उघडला, नीट केला आणि मग स्वतःच ऑर्गन बनवायला घेतले. म्हणजे आधी मेकॅनिक, मग कंपनी.

तिथं माझं हसू थांबलं. पट्ट्यांखालच्या रबरावर आमची धूळ बसणारच. ती काढायला हामामात्सूहून कुणी येणार नाही. मी तीन प्रश्न कागदावर लिहिले. सेलवर चालतो का? अडाप्टर नगरला मिळतो का? उघडून साफ करणारा माणूस तिथं आहे का? (पाटीवर अहिल्यानगर झालं तरी एसटीत आम्ही तिकीट नगरचंच मागतो.) तिन्हींना 'हो' म्हणणारं वाद्य घेतलं. ते निघालं यामाहाचं. तात्यांनी त्याचं श्रेय सरळ आपल्या गाडीला देऊन टाकलं.

यंदाच्या सप्ताहाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं छापलंय, 'कॅसिओ साथ'. हातपेटी मात्र अजून मंडपात माझ्या डाव्या हाताला असते, आणि कीर्तनाला बसण्याआधी मी तिचा भाता एकदा हलवून बघतो.