जिंजीकडे, वेश पालटून

राजाराम महाराज १६८९ साली पन्हाळ्यावरून निसटून जिंजीला गेले, ते यात्रेकरूंचा वेश घेऊन. आम्हीही के. आर. पुरमहून जिंजीला गेलो ते वेश पालटूनच. महाराजांनी वेश पालटला तो कुणी ओळखू नये म्हणून. आमचा सगळा खर्च कुणीतरी वळून बघावं यासाठी होता. एरवी गळ्यात कंपनीचा बिल्ला अडकवून मेट्रोत लोंबकळणारी माणसं पहाटे साडेचारला झुलत्या पुलाखाली जमली, ती काळी जाकिटं, गुडघ्यांवर कवच आणि हेल्मेटवर कॅमेरा अशा थाटात.

बेत बखरकाराचा. हे त्याचं नाव नव्हे, हुद्दा आहे. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि एकटा जिंजी तमिळनाडूत, हे कळल्यापासून त्याला आपल्या बंगळुरातल्या नोकरीमागचं ऐतिहासिक प्रयोजन सापडलं होतं. "अकरा त्यांचे, हा आपला!" असं तो सोसायटीच्या गणपतीतही बोलून गेला. जिंजीला सरळ रस्ता होसूर, कृष्णगिरी, तिरुवण्णामलैवरून जातो. पण बखरकाराला महाराजांचाच मार्ग हवा होता : बंगळूर, अंबूर, वेल्लोर, जिंजी. म्हणजे आधी पूर्वेकडे, जुन्या मद्रास रस्त्याने.

नागपूरकराची गाडी एवढी उंच, की सिग्नलला थांबायचं तर त्याला एका बाजूला फुटपाथ लागे. दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमच्या पेट्या, त्यात लडाखला पुरेल एवढं सामान. सोलापूरकर मात्र आपल्या जुन्या स्प्लेंडरवर, स्वेटर, चप्पल, माकडटोपी आणि तिच्यावर हेल्मेट घालून आला होता. मागे कॅरियरला दोरीने बांधलेली पिशवी. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

"अरे, जाकीट कुठंय तुझं?" बखरकार कळवळला.

"थंडी वाजली तर स्वेटर हाय की बे."

टिन फॅक्टरीचा नाका पहाटेसुद्धा झोपत नाही. रात्रभर धावून आलेल्या बसमधून डोळे चोळत माणसं उतरत असतात, आणि निघणाऱ्या बसचे कंडक्टर 'कोलार, कोलार, कोलार' असा जप करत असतात. त्यातल्या एकाने आमचा एकूण अवतार न्याहाळला आणि सहानुभूतीने बसचं दार उघडून धरलं.

रस्ता मोकळा लागताच बखरकाराने हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर इतिहास सुरू केला. याच बंगळुरात महाराज सापडता सापडता वाचले. मुक्कामाला सेवकांनी त्यांचे पाय धुतले. यात्रेकरूंच्या घोळक्यात एकट्याचीच ही बडदास्त कशी, असा बघणाऱ्यांना संशय आला आणि ठाण्यावर खबर गेली. महाराज पुढे निघून गेले. सोबतचे खंडो बल्लाळ मागे राहिले. त्यांना फटके मारले, तोंडाला राखेचे तोबरे बांधले, पण 'आम्ही यात्रेकरू' यापलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही, असं सांगतात. बखरकाराचा आवाज दाटून आला.

"नाश्ता कुठं आहे भाऊ?" नागपूरकराने विचारलं.

नाश्ता होसकोट्यात. सुट्टीच्या दिवशी इथे उजाडायच्या आत मटण बिर्याणीसाठी रांग लागते. अख्खं शहर झोपेत असताना शे-दोनशे माणसं अंधारात निमूटपणे उभी असतात, आणि देगीचं झाकण निघालं की सगळी रांग एक पाऊल पुढे सरकते. वाफाळती बिर्याणी पत्रावळीच्या द्रोणात पडते. गाडीच्या सीटवर द्रोण ठेवून उभ्यानेच खायची. बखरकाराचा शनिवार होता. त्याने केळी खाल्ली आणि आमच्या द्रोणांकडे पाठ करून औरंगजेबाबद्दल वाईटसाईट बोलत राहिला.

पुढच्या टोलनाक्यावर दुचाकीला टोल नाही, पण डाव्या कडेची बोळकांडी आहे. नागपूरकराची गाडी तीत शिरली आणि पेट्यांसकट अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मागच्या दूधवाल्याने आधी हॉर्न वाजवला, मग कन्नडमध्ये आमच्या घराण्याची चौकशी केली. शेवटी पेट्या उतरवल्या, गाडी ढकलली, पेट्या पुन्हा चढवल्या. तोवर सोलापूरकर पलीकडे चहा पिऊन, कप टाकून, कंटाळून बसला होता.

"होसकोटे, कोलार, ही सगळी शहाजीराजांची जहागीर," बखरकार कोलारच्या अलीकडे सांगत होता. "आपल्याच मुलखात आहोत आपण." तेवढ्यात हवालदाराने हात केला आणि पीयूसी मागितली. आमची तिघांची कसून तपासणी झाली. स्प्लेंडरला त्याने मान वर न करता हातानेच 'जा' केलं.

केजीएफच्या सोन्याच्या खाणी २००१ साली बंद पडल्या, सिनेमा मात्र जोरात चालला. त्यामुळे तिथल्या मातीच्या ढिगाऱ्यांपुढे नागपूरकराचे फोटो काढणं आलंच. "तुमचं चालू द्या, म्या हळूहळू होतो पुढं," असं म्हणून सोलापूरकर निघून गेला. त्याच्याबरोबर आमची वाचाही गेली. सोलापुरात वाढल्यामुळे त्याला कन्नड घरचं आणि तेलुगू शेजारचं. या रस्त्यावर दुकानांच्या पाट्या आधी कन्नड, मग व्ही. कोट्याला तेलुगू आणि पेरणामबटचा घाट उतरला की तमिळ होतात. आम्ही तिन्ही ठिकाणी सारख्याच आत्मविश्वासाने हिंदी बोललो.

अंबूरला नागपूरकराच्या बुटाचा तळवा सुटला. इंटरनेटवरून मागवलेला खास रायडिंगचा बूट, हिमनदीतही टिकेल अशी जाहिरात. हे गाव चामड्याच्या बुटांचं. इथले बूट परदेशात जातात. रस्त्याकडेच्या म्हाताऱ्या चांभाराने तो हातात घेतला, वाकवला, हुंगला आणि शेजारच्याला बोलावून दाखवला. दोघं बराच वेळ हसले. मग त्याने असे टाके घातले, की उरलेला बूट झिजेल, टाके राहतील. तोवर आम्ही अंबूरची बिर्याणी आणि तिच्यासोबतची आंबटसर वांगी संपवली. बखरकार दहीभातावर होता.

वेल्लोरचा भुईकोट घ्यायला मराठ्यांना १६७७-७८मध्ये वर्षाहून अधिक काळ वेढा घालावा लागला. आम्ही खंदक बघून, एक सेल्फी घेऊन पंधरा मिनिटांत वेढा उठवला.

आरणी, चेतपेट मागे पडलं आणि मोठमोठे धोंडे कुणीतरी हाताने रचून ठेवावेत असे डोंगर दिसू लागले. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी. तिन्ही डोंगरांना एकच तटबंदी. १६९०पासून औरंगजेबाचा सरदार झुल्फिकार खान या तटाला धडका देत होता. १६९८ साली किल्ला पडला, तेव्हा महाराज आधीच निसटलेले होते. आम्हाला मात्र राजगिरीच्या पायथ्याच्या एकट्या पहारेकऱ्याने एका वाक्यात रोखलं. चढायची वेळ संपली होती. बखरकाराने त्याला इंग्रजीत राजाराम महाराज, संताजी, धनाजी आणि युनेस्को समजावून सांगितले. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, बखरकाराच्या गुडघ्यावरचं कवच बोटाने ठोकून बघितलं आणि म्हणाला, "टुमारो, सार."

तेवढ्यात माझा फोन वाजला. सोलापूरकर.

"कुठं हायसा बे?"

"खाली. दारात. तू?"

"वर. रंगनाथाच्या देवळापाशी. दोन तास झाले. कॉलेजची पोरं चढत हुती, त्यांच्यासंगट आलो."

"तुला कुणी अडवलं नाही?"

"मला कोन अडवतंय?" तो म्हणाला. "खायला काय हाय का तुमच्याकडं? भाकरीची पिशवी माकडानं नेली, चटणीसकट. आता तिकडं बुरुजावर बसून ठसका लागलाय त्याला."