यंत्रधारी पायाळू

आपल्याकडे गुप्तधन काढायचं म्हणजे केवढा खटाटोप! पायाळू माणूस शोधा, त्याच्या डोळ्यांत अंजन घाला, अमावास्येची रात्र गाठा, आणि एवढं करून हंड्यावर बसलेला नागोबा काय म्हणतो ते पाहा. इंग्लंडमधल्या गुप्तधनवाल्याचं त्या मानाने सुटसुटीत असतं. त्याला सुट्टीची सकाळ, पीक कापलेलं शेत आणि शेतमालकाची परवानगी एवढंच लागतं. यातली परवानगी सर्वांत दुर्मीळ, त्यामुळे ती कुठल्या शेताची मिळाली हे तो सख्ख्या दोस्तालाही सांगत नाही. सोनं सापडलं तर एखादे वेळी सांगेल. तिकडे त्याला डिटेक्टरिस्ट म्हणतात. वय निवृत्तीच्या अलीकडे-पलीकडे, अंगात लष्करी ठिपक्यांची पँट (शत्रू कोण, हे विचारायचं नाही), कानांवर हेडफोन, कमरेला दोन पिशव्या, एक खजिन्याची आणि एक कचऱ्याची. हातातल्या मेटल डिटेक्टरच्या लांब दांड्याच्या टोकाला गोल थाळी असते. ती जमिनीला लागू न देता डावी-उजवीकडे झुलवत तो तासन् तास चालतो. बांधावरून पाहणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ शेत झाडायला आलाय.

थाळीतल्या तारेच्या वेटोळ्यामुळे जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं, खालच्या धातूत वीज खेळू लागते आणि यंत्र त्याचा आवाज काढतं. लोखंड घुरघुरतं, चांदी किणकिणते. खरी पंचाईत सोन्याची. शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी जवळपास एकाच सुरात बोलतात. कडीचा सूर गाळायला यंत्राला सांगावं, तर अंगठीही गाळली जाते. म्हणून हा गडी प्रत्येक सुराला गुडघे टेकतो, ढेकूळ फोडतो, माती बोटांनी चिवडतो आणि कडी काढून कचऱ्याच्या पिशवीत टाकतो. मग बंदुकीची शिशाची गोळी, मग काडतुसाचं बूड, मग पुन्हा कडी. अखेर कधीतरी नखाएवढी हिरवट चकती निघते. ती तो तिरप्या उजेडात धरून फिरवतो. मुंडकं दिसलं आणि त्यावर काटेरी किरणांचा मुकुट असला, तर बहुधा तिसऱ्या शतकातला रोमन सम्राट. मुंडकं नसून मागे टाका घालायची कडी असली, तर कोटाचं बटण. अशी बटणं इंग्लंडच्या मातीत इतकी आहेत, की एके काळी सारा देश कोट उघडे टाकून हिंडत असावा.

या माणसाला सगळेच हसतात. बीबीसीने २०१४ मध्ये त्याच्यावर विनोदी मालिकाच काढली. हसायला हरकत नाही, पण हसणारे त्याला खजिन्याचा लोभी समजतात, तिथे हिशेब चुकतो. लोभ असतोच, पण तो वरवरचा. आत खोलवर हा माणूस कारकून असतो, आणि इतिहासाला त्याच्या नशिबापेक्षा त्याच्या कारकुनीचाच उपयोग जास्त होतो. १९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉज हा गृहस्थ शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधत होता. हाती लागले रोमन काळातले सोन्याचे दागिने, चांदीचे चमचे आणि नाणीच नाणी. सगळं उपसून घरी न्यायचं सोडून त्याने खणणं थांबवलं आणि कळवून टाकलं. पुरातत्त्ववाले आले, त्यांनी जागच्या जागी नोंदी करत उरलेला ठेवा काढला, म्हणून तो कशा पेटीत, कसा रचून ठेवला होता हेही समजलं. नाणी सुमारे १५ हजार निघाली. हातोडीसुद्धा सापडली, आणि आज तीही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्पला नाण्यांनी भरलेला रांजण लागला. त्यानेही हात आवरला. मग थराथराने मोजल्यावर ५२,५०३ नाणी भरली, आणि सर्वांत नंतरच्या काळातली नाणी वरच्या थरात नसून बरीच खाली निघाली. म्हणजे हा रांजण कुणी वर्षानुवर्षं शिल्लक टाकून भरलेला नव्हता, एकदमच ओतला होता. क्रिस्पने उत्साहाच्या भरात रांजण पालथा घातला असता, तर नाणी तेवढीच मिळाली असती, पण ही गोष्ट कायमची गेली असती.

पुरातत्त्वज्ञांचा जुना आक्षेप नेमका हाच आहे. वस्तू जागेवरून हलली की तिची साक्ष संपते, आणि असे हजारो हौशी लोक ती हलवतात. आक्षेप पोकळ नाही. ऐंशीच्या दशकात सरे परगण्यातल्या वॉनबरो इथल्या रोमन मंदिराची जागा डिटेक्टरवाल्या चोरांनी उकरून धुऊन नेली. पण नांगराखालच्या जमिनीत वरचा वीतभर थर दरवर्षी उलटापालटा होत असतो. तिथल्या वस्तूची मूळ जागा आधीच हललेली असते आणि पुढच्या नांगरटीत वस्तूही तुटते. तिथे वस्तू उचलून शेतातला नेमका ठिकाणा लिहून ठेवणारा माणूस पुराव्याची नासाडी करत नाही, उरलासुरला पुरावा वाचवतो. सफोकमधल्याच रेंडलशमची गोष्ट पाहा. तिथे रात्री चोरून खड्डे पडू लागले, तेव्हा जमीनमालकाने तक्रार केली. २००८ पासून पुरातत्त्व खात्याने चार प्रामाणिक डिटेक्टरिस्टांना हाताशी धरलं. त्यांनी वर्षानुवर्षं शेतं विंचरली आणि चिमटीएवढ्या तुकड्याचीही जागा टिपली. त्या ठिपक्यांतून अँग्लो-सॅक्सन राजांचं ठाणं उभं राहिलं, ज्याचा उल्लेख बीड या धर्मोपदेशकाने आठव्या शतकात करून ठेवला होता. पुढे उत्खननात राजवाड्याचा दिवाणखानाही निघाला. हे फळ एका हंड्याचं नव्हतं, हजारो किरकोळ नोंदींचं होतं.

दुसरा आक्षेप पैशाचा. बक्षीस दिलं की हाव वाढते, असं म्हणतात. उलट, बक्षीस आणि शिक्षा दोन्ही असल्यामुळेच कारकुनीला धार आली. १९९६ च्या कायद्याप्रमाणे खजिना सापडला की १४ दिवसांत कोरोनरला कळवायचं. हा तोच अधिकारी, जो संशयास्पद मृत्यूचीही चौकशी करतो, तेव्हा प्रेत आणि हंडा एकाच कचेरीत. म्युझियमने ठेवा घेतला तर किंमत शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात सहसा निम्मी-निम्मी वाटतात. खजिन्यात न मोडणाऱ्या बटणं-बकलांसाठी १९९७ पासून वेगळी योजना आहे. तिचे अधिकारी वस्तू ओळखतात, तोलतात, मापतात, फोटो काढतात. ही नोंद ऐच्छिक असूनही आज १५ लाखांहून अधिक वस्तू दप्तरी आहेत. कायद्यालाही फटी होत्या. २०१० मध्ये कम्ब्रियात सापडलेलं रोमन शिरस्त्राण ब्राँझचं आणि एकटं असल्यामुळे खजिना ठरलं नाही आणि लिलावात वीस लाखांहून अधिक पौंडांना गेलं. ती फट २०२३ मध्ये बरीचशी बुजवली. आणि हावेचं काय होतं, तेही दिसलं आहे. २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघांनी व्हायकिंगकाळातला ठेवा लपवला आणि विकायला काढला. २०१९ मध्ये दोघेही तुरुंगात गेले. परत मिळालेल्या थोड्या नाण्यांवर तिथला त्या काळचा राजा आल्फ्रेड आणि त्याच्या शेजारचा राजा केओलवुल्फ यांचं सख्य दिसतं. त्या दोघांबद्दल आणखी सांगू शकणारी बहुतेक नाणी आजही बेपत्ता आहेत.

यंत्र इकडे आणायची गरज नाही, कारण आपल्याकडे कुदळ पुरेशी आहे. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला झाडाचं खोड उपटताना एका शेतकऱ्याला ब्राँझचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ सापडला. भारतातल्या सर्वांत देखण्या प्राचीन धातुमूर्तींत त्यांची गणना होते. पण त्या कुठल्या थरात होत्या याची नोंद नसल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल तज्ज्ञांचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. त्या शेतकऱ्याचा यात काही दोष नाही. विचारायला जावं असा कारकून जवळपास नव्हता, एवढंच. तेव्हा वाचकहो, नांगराच्या फाळाला किंवा विहिरीच्या खोदकामात काही लागलं, तर चिंच लावून ते लख्ख करू नका आणि सोनाराकडेही धावू नका. जागेवर दगड ठेवून खूण करा, फोटो काढा, खोली मोजा आणि कलेक्टर कचेरीत कळवा. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा कळवायलाच हवा, असं आपला कायदा १८७८ पासून सांगतो आहे.