पॅरिसचे नियम आणि पाथर्डी रोड

पन्नाशी दिसायला लागली की आमच्या नगरकडची माणसं एक तर प्लॉट घेतात, नाहीतर गुरू करतात. मी सायकल घेतली. गुडघ्याचं दुखणं त्यानंतर आपोआप आलं, ते वेगळं घ्यावं लागलं नाही.

आता नुसती सायकल घेऊन सावेडीत दोन चकरा मारल्या असत्या, भाजी आणली असती, तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींतल्या एकाने माझ्या कानात ‘बीआरएम’ हा शब्द सोडला. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचं हे एक जागतिक प्रकरण आहे आणि त्याचे नियम ठरतात पॅरिसच्या एका क्लबात, ऑडॅक्स क्लब पॅरिसियनमध्ये. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस. नोव्हेंबर ते ऑक्टोबर या एका मोसमात चारही केल्या की माणूस ‘सुपर रँदोनर’ होतो. मग चार वर्षांतून एकदा होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जायची वाट मोकळी होते. ती १२०० किलोमीटरची, नव्वद तासांत करायची, आणि १८९१ पासून चालत आलेली. हे सगळं ऐकून मी घरी आलो आणि पासपोर्टची मुदत बघितली.

मला या खेळातली सगळ्यात भावलेली गोष्ट सांगू? ही शर्यत नाही. तसं नियमातच आहे. निकाल लागतो तो नंबराने नाही, आडनावाच्या अक्षरक्रमाने. सहा तासांत येणारा आणि साडेतेराला दोन मिनिटं कमी असताना लंगडत येणारा एकाच यादीत, एकाच मानाने. शाळेपासून मी ज्या व्यवस्थेची वाट बघत होतो ती फ्रान्समध्ये इतकी वर्षं तयार होती आणि मला कुणी सांगितलं नाही. जिथं पहिला नंबरच नाही, तिथं शेवटचा कुठून येणार!

शिवाय आणखी एक नियम आहे. वाटेतल्या प्रत्येक कंट्रोलला, म्हणजे जिथं कार्डावर शिक्का मारून घ्यायचा त्या ठिकाणाला, बंद व्हायची वेळ असते तशी उघडायचीही असते. २०० चं शेवटचं कंट्रोल ५ तास ५३ मिनिटांच्या आत उघडतच नाही. हे मी फार गांभीर्याने घेतलं. रात्री बायकोला म्हटलं, “जोर आवरला पाहिजे. फार लवकर पोचलो तर बाहेर ताटकळत बसावं लागेल.” ती मेथी निवडत होती. तिने फक्त मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मेथीकडे वळली.

मग तयारी सुरू झाली. या खेळात सायकल चालवणं सोडून बाकी तयारी इतकी असते, की माझ्यासारख्या माणसाला वर्षभर पुरते. पहिली म्हणजे ती पॅडवाली चड्डी. तिच्या आत बोटभर जाडीची गादी असते आणि तिच्याखाली दुसरं काही घालायचं नसतं. हे ज्या मुलाने दुकानात सांगितलं तो माझ्या भाच्याच्या वयाचा असल्यामुळे पुढचे प्रश्न मी गिळले. पहिल्या दिवशी ती घालून जिना उतरलो तेव्हा चाल अशी पडत होती, की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं. धुऊन गॅलरीत दोरीवर वाळत घातली, गादीची बाजू वर करून, कारण ती वाळायला वेळ लागतो. समोरच्या काकूंनी दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी खालच्या आवाजात बायकोला विचारलं, “अगं, ऑपरेशन झालं का यांचं? कळवलं नाहीत ते.”

दुसरं ते चमकणारं जाकीट. रात्री आणि अंधुक उजेडात ते घातलंच पाहिजे, पुढे-मागे दिवे पाहिजेत, हेल्मेट पाहिजे. सराव अंगवळणी पडावा म्हणून पहाटे साडेपाचला हा सगळा सरंजाम चढवून मी प्रेमदान चौकात दम खात उभा होतो. तेवढ्यात एक ट्रक अदबीने थांबला, काच खाली झाली आणि ड्रायव्हरने विचारलं, “साहेब, मनमाडला जायचं तर बायपास कुणीकडून?” आयुष्यात पहिल्यांदा कुणा ट्रकवाल्याने मला साहेब म्हटलं होतं. मी रुबाबात हात करून रस्ता दाखवला. तो रस्ता कल्याणचा होता.

तिसरी वस्तू क्लिपचे पेडल. बुटाच्या तळाला एक खटका असतो, तो पेडलमध्ये अडकतो आणि मग पाय आणि सायकल एकजीव होतात. सोडवायचं तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. बाहेरच्या, हे लक्षात ठेवा. दिल्ली गेटला समोर रिक्षा आडवी आली, मी ब्रेक दाबला, टाच आत वळवली, आणखी जोराने आत वळवली, आणि मग डावीकडे पडायला लागलो. वेग शून्य असला की माणूस पटकन पडत नाही. सावकाश, विचार करत पडतो. पडता पडता मला रस्त्यापलीकडचे एक जुने परिचित दिसले आणि सवयीने मी नमस्कारसुद्धा केला. त्यांनीही केला. मला तिथून उठवायला तिघं लागले, कारण सायकल अजून पायातच होती.

खाण्याचं शास्त्र मात्र मला लगेच जमलं. लांबच्या पल्ल्यात तासाला साधारण साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, नाहीतर अंगातलं इंधन संपून माणूस मधेच बसतो. पोटालाही त्याची सवय लावावी लागते. म्हणून मी सवय लावायला घेतली. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, केळी, गूळ, खजूर आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. तासाभराची फेरी असली तरी तासाआधी आणि तासानंतरच्या तासाचाही हिशेब धरायचा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी साठा करतात असं वाचल्यामुळे दर शनिवारी पुरणपोळी, न जाणो रविवारी कुणी स्पर्धा ठेवली तर! महिनाभरात वजन तीन किलोने वाढलं. बायको म्हणाली, “अहो, या वेगाने खाल्लंत तर पॅरिसपर्यंत टायर टिकायचे नाहीत.”

धीर यावा म्हणून मी थोरामोठ्यांची उदाहरणं वाचायला घेतली. आपल्या शेजारच्याच नाशिकचे महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांनी मिळून नऊ दिवसांच्या आत पुरी करून आले. अंतर सुमारे ४८०० किलोमीटर. २०१७ मध्ये लष्करातले श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की हे चौघेही डॉक्टर! म्हणजे शरीराचं काय काय होणार हे ज्यांना पुरतं ठाऊक आहे तेच या भानगडीत पडतात. माझ्याही सायकलचा दवाखान्याशी जवळचा संबंध आहे. फक्त मी टेबलाच्या या बाजूला बसतो.

सरावाला मी पाथर्डी रोड निवडला, कारण तिकडे घाट आहे आणि ओळखीचं कुणी भेटत नाही. भिंगार मागे टाकलं की चांदबीबीच्या महालाचा डोंगर दिसायला लागतो. आपण सगळे महाल म्हणतो, पण ती कबर आहे, आणि तीही चांदबीबीची नाही, निजामशाहीतल्या सलाबतखानाची. चारशे वर्षांहून जास्त काळ बिचारा डोंगरमाथ्यावर पडून आहे आणि श्रेय दुसऱ्याच्या नावावर. मी पायथ्याशी पहिली विश्रांती घ्यायचो, पहिला लाडू खायचो आणि त्याच्याबद्दल हळहळायचो. हळहळ संपली की दुसरा लाडू.

पुढे वारा लागतो. त्या बाजूला खांडक्याच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत. ज्यांनी त्या उभारल्या त्यांनी वाऱ्याची वर्षानुवर्षं मोजमापं घेतली असणार, आणि मगच एवढा पैसा घातला असणार. माणसं जिथं वाऱ्यातून वीज काढतात, नेमका तोच रस्ता मी वाऱ्यात सायकल काढायला निवडला. जाताना वारा समोरून यायचा. येताना पाठीवर मिळेल या आशेवर मी जायचो, मग कुठं तरी चहाला थांबायचो, आणि माझा चहा होईपर्यंत तोही वळायचा.

एकदा तिथं करंजी घाटात मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. माझ्याकडे सगळं होतं: जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप आणि ते कसं करायचं याचा व्हिडिओ. व्हिडिओ बघायला लागणारी रेंज तेवढी नव्हती. मी चाक काढून त्याच्याकडे बघत बसलो असताना कांद्याच्या गोण्या भरलेला एक छोटा हत्ती येऊन थांबला.

“पंक्चर का?” ड्रायव्हर म्हणाला. “टाका मागं. नेप्तीला चाललोय, सोडतो नगरला.”

“नको,” मी म्हटलं. “दोन कंट्रोलच्या मधे बाहेरची मदत चालत नाही.”

“कुणाला चालत नाही?”

“पॅरिसला.”

त्याने इंजीन बंद केलं. खाली उतरला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. “पॅरिसचं कोण आलंय इथं?”

“कुणी नाही. आज सरावच आहे.”

“मग शर्यत कधीये?”

“पुढच्या महिन्यात. पण ती शर्यत नसते.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग अगदी मायेने, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “काका, घरचा नंबर पाठ आहे का? लावून देतो.”

पण मी बाणेदारपणे नवी ट्यूब घातली, टायर चढवलं, घामाघूम होऊन हवा भरली आणि विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात फुस्स झालं. काटा टायरमध्ये तसाच होता. तो काही बोलला नाही. सायकल उचलून त्याने गोण्यांवर ठेवली आणि मला सायकलशेजारी बसवलं, कारण पुढे त्याची आई होती.

कांद्याच्या वासात डोळे पुसत घरी आलो, तर मोबाइल टुणटुण वाजत होता. मनगटावरचं घड्याळ बंद करायचं राहिलं होतं. छोट्या हत्तीचा सगळा वेग इमानेइतबारे माझ्या नावावर नोंदवून ॲपने जाहीर केलं होतं, की करंजी घाटाच्या त्या टप्प्यात मी आजवरच्या सगळ्या सायकलस्वारांत पहिला आहे. ग्रुपवर अंगठे, फुलं, हात जोडलेले. एकाने तर विचारलं होतं, “सर, डाएट काय घेता?” खरं सांगायचं तर हे ताबडतोब पुसून टाकायला हवं होतं. सलाबतखानाची आठवणही झाली. पण आयुष्यात पहिला नंबर वारंवार येत नाही. मी दोन दिवस तसंच राहू दिलं, आणि त्या प्रश्नाला ‘राजगिरा’ असं उत्तरही दिलं.

अखेर दोनशेचा दिवस उजाडला. पुण्याहून सकाळी सहाला सुटायचं होतं. दिवे तपासले, ब्रेक तपासले, जाकीट तपासलं, माझं सगळंच पास झालं. सायकलही, खरं सांगतो, त्या दिवशी बरी चालली. पडलो नाही, काटा रुतला नाही. वेळ गेला तो थांबल्यावर. पहिल्या कंट्रोलला मिसळ होती. पोटाला सवय लागलेली, ती पाव मोजेना. पुढे कार्ड सापडेना. जाकिटाच्या मागच्या खिशात सहा लाडूंच्या खाली ते तुपकट होऊन निघालं. मग एका ठिकाणी एक रिटायर्ड गृहस्थ भेटले, त्यांनाही हा नाद लावावा म्हणून मी पॅरिसचे सगळे नियम समजावून सांगितले, आणि त्यात वेळेच्या मर्यादेचा नियम जरा विस्ताराने सांगितला.

शेवटच्या कंट्रोलला पोचलो तेव्हा तिथं एक तरुण मुलगा एकटाच खुर्चीवर बसला होता. कार्ड हातात घेऊन म्हणाला, “काका, मुदत संपून दीड तास झाला. पण चहा ठेवलाय तुमच्यासाठी.” चहा फक्कड होता. पुढे निकाल लागला. ज्या यादीत कर्तबगारी बघत नाहीत, नुसती अक्षरं बघतात, तिच्यातही माझं नाव बसलं नाही.

पण नाउमेद व्हायचं कारण नाही. मी शांतपणे बसून गणित मांडलं. दोनशेला साडेतेरा तास देतात, ते मला पुरत नाहीत, हे आता सिद्ध झालं. तीनशेला वीस देतात. आणि वीस तासांत दोनशे किलोमीटर मी मिसळ खाऊनसुद्धा सहज करतो.

तीनशेची फी कालच भरली.