भात सोडलेला माणूस

भात सोडल्याची बातमी हा गृहस्थ न विचारता देतो. लग्नाच्या पंगतीत वाढपी भात घेऊन समोर आला की पानावर आडवा हात धरून तो "माझं बंद आहे" म्हणतो, आणि शेजारच्याने "का हो, काही झालं का?" असं विचारावं म्हणून क्षणभर थांबतो. झालेलं काही नसतं. पंचेचाळिशी उलटलेली असते, तपासणीच्या कागदावर दोन आकड्यांपुढे फुल्या आलेल्या असतात आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आलेलं असतं. लोणचं-पापडही त्याच आठवड्यात गेलं. एवढ्या विरक्तीनंतर त्याला मोक्षाचं जे दार दिसतं, ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एखाद्या जपानी रेस्टॉरंटचं असतं.

मुंबईला सुशीची नवलाई राहिलेली नाही. ताजमहाल हॉटेलात जपानी शेफ मोरिमोतो यांचं 'वसाबी' हे रेस्टॉरंट २००४ साली सुरू झालं; आता काकडी-अ‍ॅव्होकाडोचे शाकाहारी रोल मॉलमध्येही मिळतात. पण आपला सुशीभक्त मॉलमध्ये खात नाही. त्याला मंद दिवे लागतात, फिक्या लाकडाचा काउंटर लागतो आणि मेनूत प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी लिहिलेल्या लागतात. आत शिरताच तो कमरेत वाकून "कोनिचिवा" म्हणतो. हे दिवसा म्हणायचं असतं आणि बाहेर रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, पण समोरची मुलगी मिझोरामची असल्यामुळे कोणाचंच काही बिघडत नाही. ती गोड हसून "गुड ईव्हनिंग, सर" म्हणते.

जिरो ओनो यांच्याबद्दल तो असं बोलतो की ते याच्याच चाळीत वाढले असावेत. १९२५ साली जन्मलेले हे सुशीचे उस्ताद, टोकियोच्या गिंझा भागातल्या तळघरातलं त्यांचं जेमतेम दहा खुर्च्यांचं दुकान, त्यांच्यावरचा २०११ चा माहितीपट, २०१४ मध्ये तिथे जेवलेले ओबामा, सगळं त्याला तोंडपाठ आहे. सर्वसामान्यांना तिथे जागा मिळत नाही म्हणून मिशेलिनने २०१९ मध्ये ते दुकान आपल्या मार्गदर्शिकेतून वगळलं. टोकियो-वारीत यालाही जागा मिळाली नव्हती. तेव्हापासून तो "जिरोकडे आम्ही गेलो नाही" असं सांगतो. ऐकणाऱ्याला वाटावं, आमंत्रण आलं होतं, यानेच वेळ नसल्याचं कळवलं.

त्याचं खरं दर्शन घडतं ते तो कोणाला तरी सोबत नेतो तेव्हा. सासूबाईंची पंचाहत्तरी त्याने अशीच साजरी केली. सासूबाई वेंगुर्ल्याच्या. कल्ला उचलून आत लाल दिसल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात मासा घेतलेला नाही. समोर आलेल्या नारिंगी साल्मनच्या कापांत कल्ला कुठेच नव्हता, म्हणून त्यांनी तोंडीच चौकशी केली.

"जावईबापू, मासा कधीचा?"

"आई, एकदम ताजा. कच्चा खायचा म्हणजे ताजाच लागतो. हजार वर्षांची परंपरा आहे ही."

वेटर बिचारा प्रामाणिक. तो म्हणाला, "फ्रोझन आहे, मॅडम. सेफ्टीसाठी."

"म्हणजे बर्फातला," सासूबाई म्हणाल्या. वेंगुर्ल्याच्या बाजारात या दोन शब्दांवर सौदा मोडतो.

चूक वेटरची नव्हती. कच्च्या माशातले परोपजीवी मरावेत म्हणून अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन उणे २० अंश सेल्सियसला सात दिवस गोठवण्याची पद्धत सांगतं. आणि परंपरेचं म्हणाल, तर याच परोपजीवींच्या धास्तीने जपानी माणूस साल्मन कच्चा खात नसे. १९८०च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला जास्तीचा मासा खपवायला जपानभर प्रचार केला, तेव्हा कुठे तो सुशीवर चढला. म्हणजे जावईबापूंची हजार वर्षांची परंपरा वयाने जावईबापूंपेक्षा लहान.

मग वसाबी. "जपून हं, आई," असं तो म्हणेपर्यंत सासूबाईंनी नखभर जिभेला लावलं, नाक चोळलं आणि सांगितलं, "ही तर फेसलेली मोहरी." प्रयोगशाळेनेही याहून वेगळा निर्वाळा दिला नसता. दोन्हींचा झणका एकाच रसायनाचा. शिवाय वसाबी म्हणून जगभर जे मिळतं ते बहुतेक हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांचं मिश्रण असतं.

त्याने मात्र तो हिरवा गोळा सोया सॉसमध्ये कालवून चिखल केला आणि भाताच्या बाजूने सुशी त्यात बुडवली. माशाची बाजू टेकवायची असते. भाताची बुडवली की घास वाटीतच विरघळतो. तसा त्याचाही विरघळला. तो चॉपस्टिकने शितं गोळा करत बसला आणि त्या भरात दोन चमचे सोया सॉस पोटात गेलं. एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० ची. तेवढ्यात वेटरने लोणच्यासारखं आलं पुढे केलं, तेव्हा मीठ बंद असल्याचं त्याला आठवलं.

सासूबाईंनी काड्या बाजूला ठेवून सरळ बोटांनी सुशी उचलली. "आई, हाताने नको," तो कुजबुजला. काउंटरमागच्या शेफने मान वर करून पाहिलं आणि पसंतीची मान हलवली. निगिरी सुशी हाताने खाल्लेली चालते. किंबहुना तिचा जन्मच गाडीवरचा. १८२०च्या दशकात एडोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, हानाया योहेई यांनी ती लोकप्रिय केली असं मानतात. लोक रस्त्यात उभ्याउभ्या दोन घास तोंडात टाकून पुढे जात.

मुख्य प्रसंग रोल आल्यावर घडला. सासूबाईंनी काळ्या शेवाळाची गुंडाळी उलगडली, आतली काकडी काढली आणि उरलेलं बोटाने चाचपलं. व्हिनेगर, साखर, मीठ लावलेला, चिकट, वाटीभर.

"जावईबापू, हा भात आहे."

"नाही हो आई. ही सुशी आहे."

सुशी ही सुशी ठरते ती त्या आंबट चवीच्या भातामुळेच. नुसता कच्चा मासा असेल तर तो साशिमी. पण हे त्या टेबलावर कोण सांगणार? तोवर तिसरा रोल आला होता.

बिल त्याने सासूबाईंना दिसू दिलं नाही. लिफ्टमधून उतरताना मोबाइलवर तो दिवसाचा आहार नोंदवत होता. मासे, काकडी, ग्रीन टी. त्याने भाताच्या रकान्यात शून्य टाकलं.

"सकाळी तुमच्या वाटणीचा भात टाकू का?" सासूबाईंनी विचारलं.

"नको, आई," तो म्हणाला. "वर्ष झालं सोडून."