हात मागं!

गुरुजींनी नोकरीची सगळी वर्षं 'हात पुढं' म्हणण्यात घालवली. हात पुढं केला की त्यावर काय पडायचं, हे माझ्या डाव्या तळव्याला अजून आठवतं. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी आज्ञा बदलली. आता ते ओरडतात, "हात मागं!" आणि ही आज्ञा विद्यार्थ्याला नसते. विद्यार्थी सत्तरीचा असतो. ती असते त्याच्याबरोबर आलेल्या नातवाला.

राजुरात देवळाच्या ओसरीवर गुरुजींचा मोबाइलचा वर्ग भरतो. फी नाही, पण उशीर चालत नाही. भंडारदऱ्याला निघालेले पर्यटक पेढ्यांसाठी गाडी थांबवतात आणि ओसरीवर पंधरा म्हातारी माणसं माना खाली घालून बसलेली पाहून त्यांना वाटतं, पोथी चाललीय. एका अर्थी चाललेलीच असते. फक्त पोथी प्रत्येकाची वेगळी, आणि बहुतेक पोथ्यांची काच फुटलेली. कारण साधं आहे. घरात नवा फोन आला की जुना म्हाताऱ्याला मिळतो. बॅटरी दुपारपर्यंत टिकणारी, पोटात नातवाच्या वरातीचे चारशे व्हिडिओ, आणि आवाजाचं बटण चिकटलेलं. "असल्या बैलावर मी नांगर शिकवतो," असं गुरुजी म्हणतात.

वर्गाचा पहिला आणि खरं तर एकमेव नियम म्हणजे दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. गुरुजी स्वतः दोन्ही हात पाठीमागे बांधून ओळीतून फिरतात. पूर्वी त्या हातांत छडी असायची. आता एका हाताने दुसरा घट्ट धरलेला असतो, कारण त्या हाताची फार तडफड होते. समोर मावशी तिसऱ्यांदा चुकीच्या चौकोनावर बोट ठेवत असते. गुरुजींच्या कपाळाची शीर फुगते, पण हात सुटत नाहीत.

नातवांचं तसं नसतं. "दे इकडं आजी," म्हणायचं, फोन ओढायचा, अंगठे टिकटिक फिरवायचे आणि "झालं" म्हणून परत द्यायचा.

"काय झालं?" गुरुजी विचारतात.

"झालं ना काम."

"तुझं झालं. आजीचं काय झालं?"

नातू आजीकडे बघतो, आजी देवाकडे.

गुरुजींचं म्हणणं असं की म्हाताऱ्यांना फोन येत नाही हे खोटं आहे. त्यांच्या हातात तो कुणी दहा मिनिटं सलग राहूच देत नाही. सहा महिने पोरगं चुकत चुकत लसावि काढायला शिकतं, तेव्हा आपण त्याच्या हातून पाटी ओढून घेतो का? (आमच्या हातून ओढून ते ती डोक्यात घालत, पण हे मी त्यांना अजून बोललेलो नाही.)

सरकारवरही त्यांचा राग आहे. २०१७ साली केंद्राने खेड्यापाड्यांत डिजिटल साक्षरतेची मोठी योजना काढली, सहा कोटी घरांसाठी. गुरुजी हौसेने चौकशीला गेले. वयाची अट १४ ते ६०. "म्हणजे साठी बुद्धी नाठी ही आपली म्हण दिल्लीपर्यंत पोचली म्हणायची," असं म्हणून ते परतले आणि पुढं त्यांनी आपल्या वर्गाला उलटी अट घातली. साठीच्या आत प्रवेश नाही. वयाचा पुरावा मात्र ते मागत नाहीत, कारण वर्गातल्या निम्म्या लोकांचा आधार कार्डावरचा वाढदिवस १ जानेवारीला येतो. एक बाबा तर आपण भंडारदऱ्याच्या धरणाच्या वयाचे असल्याचं छातीठोक सांगत. ते धरण १९२६ साली पुरं झालं हे गुरुजींनी सांगितल्यावर बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मंग धरणाचं काय तरी चुकलं आसंल."

शिकवण्याची भाषा गुरुजींनी घरातूनच उचलली आहे. बायामाणसं काचेवर नख मारतात, पुरुष कुदळ मारल्यासारखे दाबतात, आणि दाबून धरलं की फोनला वाटतं हे चौकोन हलवायचे आहेत. मग व्हॉट्सॲप उचलून कुठंतरी जातं आणि "माझा वाट्साप पळाला" म्हणून बोंब होते. गुरुजी सांगतात, "दाबायचं नाही. कुंकू टेकवतो तसं टेकवायचं." वर सरकवायचं ते तव्यावरची भाकरी सरकवल्यासारखं. दोन बोटांनी फोटो मोठा करायचा तो डोळ्यात गेलेलं कुसळ बघताना पापण्या फाकवतो तसा. नागलीच्या भाकरी थापून आणि भाताची आवणी करून बोटांची कातडी इतकी राठ झालेली असते की काच त्यांना ओळखतच नाही. आधारच्या अंगठ्यालाही हीच अडचण येते. त्यावर गुरुजींचा उपाय म्हणजे बोट पदराला पुसायचं, टोक नाही तर पोट टेकवायचं, आणि फोनला शिव्या द्यायच्या नाहीत. तिसरी सूचना कुणी पाळत नाही.

पावसाळ्याचा धडा वेगळा. इथून वर घाटघरकडं पाऊस असा कोसळतो की त्या गावाला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. तिकडून येणारे विद्यार्थी फोन दुधाच्या पिशवीत गुंडाळून, दोरी बांधून, कोपरीच्या आत ठेवतात. तो वाजायला लागला की पिशवी सोडेपर्यंत समोरचा थकून जातो. एकदा एक म्हातारा भर पावसात उघडाच फोन घेऊन आला. गुरुजी म्हणाले, "आरं बाबा, डांगी बैलाच्या कातडीला तेल सुटतं म्हणून तो पावसात उभा राहतो. ह्याला कुठलं तेल?" दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने फोनला खुरासणीचं तेल चोळून आणलं.

त्याच म्हाताऱ्याने राजूरच्या प्रदर्शनात आपल्या डांगी बैलाचे तीस फोटो काढले. तिसाच्या तीस फोटोंत म्हाताऱ्याच्या नाकपुड्या होत्या. कॅमेरा उलटा होता. गुरुजींनी हात मागं बांधूनच एक तास घालवला, तेव्हा एकतिसावा फोटो बैलाचा आला. निम्म्या बैलाचा, पण शिंगांकडच्या निम्म्याचा.

लिहिता न येणाऱ्यांसाठी फोनला मराठी ऐकायला येतं, ही गुरुजींना विसाव्या शतकापासूनची सगळ्यात मोठी सुधारणा वाटते. माइकच्या खुणेवर बोट टेकवायचं आणि बोलायचं. एका मावशीने मुंबईच्या लेकीला निरोप धाडला, "दोन किलो खुरासणी पाठवते." फोनने लिहिलं, "दोन किलो खुर्ची पाठवते." लेकीने घाबरून फोन केला की आईला काही झालं का. मावशी म्हणाली, "मला नाय, फोनला झालंय."

पैशाच्या धड्याला मात्र गुरुजी एकदम गंभीर होतात. तेव्हा विनोद बंद. ओळीने उभं करून पाढ्यासारखं म्हणवून घेतात: "पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो." पोलीस फोनवरून अटक करत नाहीत. शेतकरी सन्मानचे पैसे देतो म्हणून आलेली फाइल उघडायची नाही. लग्नपत्रिका म्हणून अनोळखी नंबरवरून आलेलीही नाही. पत्रिका अक्षता घेऊन दारात येते, एपीके होऊन येत नाही. आणि फसलोच तर लाजायचं नाही, लगेच १९३० फिरवायचा. हा आकडा कुणी विसरू नये म्हणून गुरुजींनी तो मिठाच्या सत्याग्रहाला जोडून दिला आहे. एका आजीने एका भामट्याला फोनवर सुनावलं, "थांब, गांधीबाबाला लावते." त्यानेच फोन ठेवला.

नोव्हेंबर आला की पेन्शनीतली मंडळी येतात. पोस्टातून निवृत्त झालेले एक आप्पा हयातीच्या दाखल्यासाठी दरवर्षी एसटीने जाऊन रांगेत उभे राहत. आता चेहरा दाखवूनही दाखला निघतो. फोन समोर धरायचा आणि पापण्या मिचकवायच्या. आप्पांना मिचकवणं जमेना. समोर बायांची रांग बसलेली, आणि आप्पांची सारी हयात सरळ वागण्यात गेलेली. शेवटी गुरुजींनी बायांना तोंडं फिरवायला लावली. त्या फिरल्या, पण हसल्या. आप्पा लाजले, आणि त्या लाजण्यात पापण्या लवल्या. सरकारने मान्य केलं की आप्पा जिवंत आहेत.

वर्गातला सगळ्यात अवघड धडा म्हणजे फोन कापणं. बोलणं संपलं की म्हातारी माणसं "ठेवते हं" म्हणतात आणि फोन खरोखरच ठेवतात, फळीवर. तो चालूच असतो. मग सुनेबद्दलची मतं थेट सुनेच्या माहेरी ऐकू जातात. अशा दोन सोयरिकी मोडता मोडता राहिल्यावर गुरुजींनी 'आधी लाल, मग घरचे हाल' असा मंत्र करून दिला.

इतकं सगळं असून एक गोष्ट मला कळत नव्हती. पेढे घेताना गुरुजी नेहमी रोख देत. दुकानात तो काळापांढरा चौकोन टांगलेला असे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सुट्टे खपवायचे आहेत." सुट्टे तीन वर्षं खपत होते.

परवा त्यांचा फोन आला. वर्गाला पाच मिनिटं उशीर करणाऱ्या एका आजोबांबद्दल त्यांनी माझ्याकडे वीस मिनिटं तक्रार केली. "ठेवतो," म्हणाले. लाकडावर काहीतरी टेकल्याचा आवाज आला. भांडी वाजली.

"हं, लाव आता चष्मा," गुरुजी म्हणाले. आवाज अगदी मऊ. असा त्यांचा आवाज मी शाळेत कधी ऐकला नव्हता. "तुझ्याच नंबरावर एक रुपया धाडतो. हे हिरवं झालं म्हणजे गेला का?"

"आवं, पिन कुठं टाकला?"

"तेच तर. तू टाक ना जरा. हात थरथरतोय."

"मी नाय हात लावणार. तुमचाच नेम हाये." मग बांगड्या वाजल्या, दोन्ही हात पाठीमागे गेल्यासारख्या.

बराच वेळ शांतता. मी श्वास रोखून ऐकत होतो. माझ्यासमोरही लाल बटण होतं, पण ते दाबायचं माझ्याच्याने होईना.

"गेला! अगं, गेला!"

"आला," काकू म्हणाल्या. आणि लगेच, "आवं, पर ह्या तुमच्या फोनवर ते आकडं अजून कशाचं पळतायत?"

मी घाईने फोन कापला.